दातबाईंची उंदीरसेना

माणसाचे हात थरथरायला लागले की लोक सगळ्यात आधी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतात. मग सुरी, मग सुईदोरा, मग किल्ल्या. सगळं प्रेमानंच घेतात, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही. दातबाईंच्या हातातून तर त्यांचं कामच काढून घेतलं.

दातबाई म्हणजे दातांच्या डॉक्टर नव्हेत. डॉक्टर नुसतं माप घेतो. त्या मापाचा दात मागे लॅबमध्ये बसून दुसरंच कुणीतरी घडवतं. ते कुणीतरी म्हणजे या. पांढरी पूड कालवायची, ब्रशनं थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा. चहाबाजाचा दात वेगळा, सिगारेटवाल्याचा वेगळा. त्यांनी केलेले दात लावून अर्धं गाव खो खो हसायचं आणि कुणाला काडीचाही संशय यायचा नाही. मग एके वर्षी उजवा हात थरथरायला लागला, पाठोपाठ डावा. जिवाला धोका नाही, पण कंप जायचाही नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. लॅबच्या मालकांनी त्यांना फोनवर बसवलं. "आता हातांना आराम द्या," म्हणाले. दातबाईंनी थोडे दिवस फोन उचलले आणि एकदा जो खाली ठेवला तो कायमचा.

घरी ताई होती. ताई म्हणजे थोरली बहीण, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली. शाळा सुटली तरी आवाज मैदानावरचाच राहिला होता. दोघी बिनलग्नाच्या. कुणी कारण विचारलं तर ताई सांगायची, "मला कुणी विचारलं नाही, आणि हिनं कुणाला उत्तर दिलं नाही."

उंदीर घरात आले ते दातांच्या वाटेनं. कुणाच्या तरी वाढदिवसाची भेट घ्यायला दोघी खेळण्यांच्या दुकानात गेल्या होत्या. तिथे काचेमागे बोटाएवढे सैनिक मांडलेले, टेबलावर मांडून फासे टाकून लढाई खेळतात त्यातले. त्यात एक उंदीरमाणूस होता. दोन पायांवर उभा, अंगात फाटकं चिलखत, हातात भाला, मागे शेपूट, आणि जबड्यात मोत्यांसारखे एकसारखे पांढरेशुभ्र दात. दातबाईंचे पाय तिथेच अडले.

"हे कुणी रंगवलंय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. "उंदराचे पुढचे दात नारिंगी असतात, चांगले गंजल्यासारखे. हा उंदीर आहे की टूथपेस्टची जाहिरात?"

"बाई, तो खेळातला आहे," दुकानदार म्हणाला. "खोटा आहे तो."

"खोटा असला म्हणून काय झालं? मी जन्मभर खोटेच दात केलेत."

त्यांनी तो विकत घेतला, नुसते दात सुधारायला म्हणून. पण उंदीर एकटा येतो का कधी? मागोमाग ढोलकरी आला, निशाणवाला आला, भांड्याच्या झाकणाची ढाल केलेला आला, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून दुर्बीण लावणारा आला. नवे प्लास्टिकचे हलके, जुने धातूचे जड. जुन्या बाजारात कुणी खोका उपडा केला की दातबाई आधी शेपट्या शोधायच्या. तुटक्या पायाचा, बिनकानाचा, कुणीतरी निळा रंग थापलेला, कसलाही चालायचा. इतर लोक राजे जमवतात, ड्रॅगन जमवतात, देखणे धनुर्धर जमवतात. त्यांना फक्त उंदीरमाणसं हवी होती. कारण खेळात त्यांची किंमत सगळ्यात कमी. पहिल्या फटक्यात मरायचे, दुसऱ्यात पळायचे, आणि तिसऱ्या डावाला निर्लज्जासारखे परत यायचे. दातबाईंना तो निर्लज्जपणा फार आवडायचा.

"लोक घरातले उंदीर मारायला औषध आणतात," ताई म्हणायची, "आणि आमच्याकडे त्यांना रंग आणतात."

"उंदीर नाहीत, उंदीरमाणसं."

"माणसं असती तर भांडी तरी घासली असती."

आता खरा प्रश्न. ज्या हातांतून चहा बशीत सांडतो, त्या हातांनी मोहरीएवढा डोळा रंगवायचा कसा? दातबाईंनी सगळं करून पाहिलं होतं. कोपर टेकवून पाहिलं, मनगटाला वजन बांधून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. हात थांबला नाही. आणि एक दिवस चिडून त्यांनी विचार केला, नाही ना थांबत, मग उंदरालाही हलू दे! डाव्या हातात उंदीर, उजव्या हातात ब्रश, आणि दोन्ही मनगटं एकमेकांना घट्ट बांधलेली. मग हात थरथरतो तेव्हा दोघंही एकदम थरथरतात, एका झोपाळ्यावर बसलेल्या दोघांसारखे. झोपाळा हलेना का, शेजारी शेजाऱ्याला दिसतोच. ब्रश बरोबर जिथे हवा तिथे टेकायला लागला.

थरथरत्या हातांना स्वतःची गाठ मारता येत नाही, म्हणून ताई तिच्या जुन्या क्रेप बँडेजनं मनगटं बांधायची आणि लगेच खोलीबाहेर जायची. या सगळ्यात ताईचा हात काय तो एवढाच. बांधलेली मनगटं कुणाला दाखवायची नाहीत, हे न बोलता ठरलं होतं. ती पाहिली की लोकांच्या डोळ्यांत काय येणार, ते दातबाईंना पक्कं माहीत होतं, आणि तेच त्यांना नको होतं.

दर रविवारी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये या खेळाचा क्लब भरायचा. पॉलिशचा वास, लांब टेबलं, आणि जिन्याच्या तोंडाशी आतून दिवे असलेलं एक काचेचं कपाट. वर्षातून एकदा सभासद मतं द्यायचे, आणि सगळ्यांत उत्तम रंगवलेली सेना पुढचं वर्षभर त्या कपाटात राहायची. अट एकच, सेना स्वतःच्या हातानं रंगवलेली हवी. दातबाईंना ते कपाट हवं होतं. लाजतबिजत नाही, सरळ हवं होतं. आपली फाटकी, पळपुटी, नारिंगी दातांची पलटण दिव्याखाली उभी राहावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं वाकून बघावी, एवढी एकच इच्छा त्यांनी त्या वर्षी धरली होती.

आणि तिथेच माशी शिंकली.

क्लबात सरदार नावाचे एक गृहस्थ होते. पोटापाण्याला ड्रायव्हिंग शिकवायचे, पण घोडेस्वारांची सेना बाळगायचे म्हणून सरदार. माणूस वाईट नव्हता. त्यांचे घोडे खरोखर उत्तम होते आणि ते स्वतःच रंगवायचे. त्या रविवारी दातबाईंच्या हातून फासे टेबलाखाली गेले आणि पाठोपाठ चहाही हिंदकळला, तेव्हा सरदार त्यांच्या एका उंदरावर भिंग धरून बसले होते.

"बाई, मी वाईट बोलत नाही," सरदार म्हणाले. असं म्हणणारा पुढे काय बोलतो ते जगाला ठाऊक आहे. "पण या डोळ्यात बुबुळ आहे, बुबुळात चमकेचा ठिपका आहे. मला भिंग लावून जमत नाही. आणि तुमच्या हातात कप राहत नाही. खरं सांगा, हे रंगवतं कोण?"

आणि त्यांनी न्यायला आलेल्या ताईकडे पाहिलं.

"मी?" ताईचा आवाज खाली फर्निचरवाल्यापर्यंत गेला असेल. "अहो, मी जन्मात कुणाला चुना लावला नाही, भिंतीलासुद्धा नाही!"

काही जण हसले, पण शंका हवेत राहिली ती राहिलीच. क्लबचे अध्यक्ष औषधाच्या दुकानाचे मालक होते. मऊ माणूस, कुणाचं बोट कापलं तरी यांच्या डोळ्यांत पाणी. ते मधे पडले. "बाई, कर नाही त्याला डर कशाला? पुढच्या रविवारी इथे बसून एक रंगवून दाखवा, विषय संपला."

"सरदारांनी कधी रंगवून दाखवला घोडा?"

"त्यांच्याबद्दल कुणाला शंका नाहीये."

"हो ना," दातबाई म्हणाल्या. "त्यांचे हात स्वच्छ, कारण ते हलत नाहीत." आणि उंदीर डब्यात भरून त्या निघाल्या. झाकण लवकर लागेना, ते एक आणखी.

घरी ताईनं आकाशपाताळ एक केलं. "जायचं नाही तू. चोर सोडून संन्याशाला फाशी! परीक्षा घेणारे हे कोण लागून गेले?"

"नाही गेले तर म्हणतील, बघा, खोटंच होतं."

"मग जा."

"गेले तर कबूल केल्यासारखं होतं, की मला विचारायचा यांना हक्क आहे."

इकडे आड तिकडे विहीर. दातबाई आठवडाभर धुमसत राहिल्या, ताईवर विनाकारण खेकसल्या, एकदा तर सगळ्या उंदरांना कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाल्या. रागापेक्षा भीती मोठी होती, हे त्यांनाही कळत होतं. परीक्षेची नव्हे, पट्टीची भीती. ते बँडेज चारचौघांत बांधून घ्यायचं म्हणजे आजवर दारामागे लपवलेलं सगळं उघड्यावर मांडायचं. शेवटी शनिवारी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "ताई, बँडेज धुऊन ठेव. बघू देत एकदाचे."

रविवारी हॉल भरला होता. एरवी न येणारेही आले होते. तमाशाला गर्दी कमी पडत नाही. दातबाईंनी डब्यातून एक जुना धातूचा उंदीर काढला. पळता पळता मान वळवून मागे बघणारा, तोंड वासलेलं, डोळे फाटलेले. अंगाला रंग दिलेला होता. दात आणि डोळे तेवढे कोरे होते.

सरदार चांगुलपणानं म्हणाले, "डोळे राहू द्या, बाई. अंगावरचे केसच दाखवा. कोरडा ब्रश नुसता फिरवला की येतात."

"ते झाडूनंही येतात. मी डोळेच करणार." आणि त्यांनी दोन्ही हात ताईपुढे धरले.

ताईनं पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. कुणी खाली बघितलं, कुणी खिडकीबाहेर. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, मग लगबगीनं जाऊन चहा आणला आणि दातबाईंच्या उजवीकडे ठेवला. कपात त्यांनी एक नळी घातली होती, लहान मुलांच्या सरबतात घालतात तशी. दातबाईंनी बांधलेल्या हातांनी ती नळी काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. डावीकडे ब्रश धुवायचा पाण्याचा मग होता.

आधी दात. ते त्यांचं हक्काचं घर. मुळाशी तपकिरी, मधे नारिंगी, टोकाला पिवळट. ब्रश तिथे डोळे मिटूनही चालला असता. मग डावा डोळा. पांढरा, त्यात काळा, त्यात चमकेचा ठिपका. मनगटं थडथडत होती, बघणाऱ्यांना ब्रश कुठे आहे तेही दिसत नव्हतं, आणि ठिपका मात्र जिथे हवा तिथे. कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं.

उजव्या डोळ्याला सरदार इतके पुढे वाकले, की त्यांचा श्वास दातबाईंच्या बोटांवर आला. ब्रश सरकला. बुबुळ पार कोपऱ्यात जाऊन बसलं. "अरेरे," असा सगळ्या हॉलचा सुस्कारा निघाला.

"पुसा, पुसा, ओलं आहे अजून," सरदार म्हणाले.

दातबाईंनी उंदराला नीट न्याहाळलं. एक डोळा मागे, एक पुढे. "नाही पुसत. पळणाऱ्यानं दोन्हीकडे बघायला हवं. आणि तुम्ही मागे व्हा, मला उजेड लागतो."

त्यांना आता हॉल दिसत नव्हता. नखं राहिली होती. त्यांनी ब्रश उजवीकडे कपात बुचकळला, खळखळून घेतला, काठावर टकटक आपटून निथळवला, नखं केली. मग घसा कोरडा वाटला म्हणून दोन्ही हातांनी डावीकडचा मग उचलला आणि मोठा घोट घेतला.

चव लागली तेव्हा त्या थांबल्या. ब्रश चहात धुतला होता आणि ब्रशचं पाणी प्यायलं होतं. ओठांवर करडी मिशी उमटली.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग खिडकीशी उभी असलेली, लायब्ररीत काम करणारी एक सभासद बाई फसकन हसली, आणि एकामागून एक सगळा हॉल फुटला. ते हसणं वेगळं होतं. ही सैनिक रंगवणारी जमात एका हाताशी पाण्याचा मग ठेवते आणि दुसऱ्या हाताशी चहा, आणि काम रंगात आलं की दोन्हींतला फरक उरत नाही. ज्यानं हे पाणी प्यायलं नाही त्यानं कधी मनापासून रंगवलंच नाही. आणि याचं नाटक करता येत नाही. लबाडी करणारा माणूस सावध असतो, त्याला आपला कप बरोबर सापडतो.

"मीसुद्धा!" सरदार डोळे पुसत म्हणाले. "गेल्याच आठवड्यात, हिरवं पाणी! बाई, माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, चुकलं."

"तुम्हाला पटलं कशानं? रंगानं की पाण्यानं?"

"खरं सांगू? पाण्यानं."

दातबाईंनाही हसू आलं, आणि त्यांनी ते दाबलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर किती गोड झालं असतं. पण लोकांना गोड करता करता पाक जास्त शिजवायची सवय असते. पुढच्या रविवारी मतदान होतं. टेबलांवर सेना मांडल्या होत्या, बाहेरचे लोकही बघायला आले होते. दातबाई ताईबरोबर जिना चढून आल्या, आणि त्यांना आपल्या उंदरांपुढे झुंबड दिसली. छाती फुगली त्यांची. जवळ जाऊन बघतात तो उंदरांपुढे एक पांढरं कार्ड उभं, अध्यक्षांच्या वळणदार अक्षरातलं: 'कंप पावणाऱ्या हातांनी रंगवलेली सेना. या जिद्दीला सलाम!'

लोक कार्ड वाचत होते. वाचून मान हलवत होते, आणि मग दातबाईंच्या हातांकडे बघत होते. एका बाईंनी तर ते दोन्ही हात आपल्या हातात घेऊन कपाळाला लावले. ढोलकऱ्याकडे कुणी वाकलं नाही. तिरळ्या पळपुट्याकडे कुणी बघितलं नाही. दातबाईंनी थोडा वेळ हे सगळं सोसलं. मग हात सोडवून घेतले आणि कार्ड उचललं.

"अहो बाई, राहू द्या ना," अध्यक्ष धावत आले. "लोकांना केवढी प्रेरणा मिळतेय!"

"प्रेरणा बाटलीत भरून तुमच्या दुकानात ठेवा. जेवणानंतर दोन चमचे."

"पण यात वाईट काय आहे?"

"मग सरदारांच्या घोड्यांपुढेही लिहा, 'चष्मा लावलेल्या डोळ्यांनी रंगवलेले'. लिहिता?"

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. हे कार्ड असलं तर कपाट तुमचंच. लोकांचं बोलणं ऐकलंय मी. सरदारसुद्धा तुम्हालाच मत देणार म्हणतायत."

दातबाईंनी सरदारांकडे पाहिलं. त्यांनी मोठ्या मनानं मान डोलावली. ते मोठं मन बघून दातबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी कार्ड फाडायला घेतलं. ते जाड होतं आणि हातांना धड पकडता येईना. एकदा निसटून खाली पडलं, त्यांनी वाकून परत उचललं. मदतीला पुढे झालेल्या माणसाला ताईनं नुसत्या नजरेनं जागेवर उभं केलं, शाळेत करायची तसं. शेवटी ते फाटलं, वाकडंतिकडं, तुकड्यातुकड्यांनी.

"आता उंदीर बघा," दातबाई म्हणाल्या. "आवडले तर मत द्या. नाही आवडले तर घोडे आहेतच. आणि सरदार, माझ्यासाठी स्वतःचे घोडे हरवलेत, तर पुन्हा तुमच्याशी खेळायची नाही."

मग लायब्ररीतली बाई वाकली. "अय्या, याच्या ढोलाला ठिगळ आहे." तिच्यामागून आणखी कुणी वाकलं. एकानं निशाणवाल्याचा रंग फार गडद झालाय म्हणून नाक मुरडलं, आणि दातबाई त्याच्याशी चांगल्या कडाकडा भांडल्या. आयुष्यात इतकं मजेचं भांडण त्या कधी भांडल्या नव्हत्या.

मतं मोजली. सरदार जिंकले, थोडक्यात, पण जिंकले. त्यांनी स्वतःला मत दिलं होतं आणि ते दातबाईंकडे बघून तसं म्हणालेही. दातबाईंनी टाळ्या वाजवल्या, घोड्यांपाशी जाऊन खूप वेळ वाकून बघितलं, आणि चांगले होते म्हणून मनातल्या मनात एक शिवी दिली.

उतरताना डबा ताईच्या हातात होता. कपाटात घोडे मांडणं चालू होतं, आतले दिवे लागले होते. ताईला राहवेना. "नसतं फाडलंस ते कार्ड, तर आज आत आपले उंदीर असते."

"आपले हात असते, ताई," दातबाई म्हणाल्या. "उंदीर नुसते सोबतीला." मग त्यांनी तिच्या हातातून डबा आपल्याकडे घेतला. आतली सगळी पलटण खडखड वाजायला लागली, आणि ती तशीच वाजवत त्या जिना उतरल्या.